अक्षता पडेपर्यंत

शैला गजभिये कुठे नोकरी करते हे कळल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघण्यासारखं असतं. दापोडीच्या तिच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की ठरलेलं नाटक. बाई हसत येणार, चहा घेणार, 'अय्या, नर्स का तुम्ही? बरं झालं बाई, बीपी बघायला कुणीतरी हवंच होतं' म्हणणार. मग विचारणार, कुठल्या हॉस्पिटलात? शैला सांगणार, वारज्याला, 'ओसरी'त. 'ओसरी म्हणजे ते... कॅन्सरवाल्यांना शेवटी ठेवतात ते?' 'हो, तेच.' झालं. बाईंना एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवणार. पुन्हा बीपी बघायला कुणी फिरकत नाही. जसं काही मरण म्हणजे खरूज, शैलाच्या पदराला चिकटून जिना चढून वर येईल! अहो, ज्याला यायचंय ते येतंच, त्याला शैलाकडून पत्ता कशाला घ्यावा लागतोय?

पूर्वी तिला याचा राग यायचा. आताही येतो, पण चहाबरोबर गिळते.

शैला मूळची वर्ध्याजवळच्या सेलूची. वडील कचरू रामटेके जिनिंगमध्ये कामाला. स्वतः चौथीत शाळा सुटलेली, पण पोरीला नागपूरला नर्सिंगला घालायचं म्हणून सगळ्या भावकीशी भांडले. लग्न झालं आणि ती बुद्धभूषणबरोबर पुण्यात आली. तो पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होता. पुढे कारखान्याने संगणकावर चालणारी मशिनं आणली आणि जुन्या माणसांना गोड बोलून, हार घालून घरी बसवलं. आता बुद्धभूषण हिंजवडीच्या आयटीतल्या पोरांना सुमोतून ने-आण करतो. त्यांची लेक सोनाली त्याच हिंजवडीत नोकरीला लागली. लेक काचेच्या इमारतीत वर आणि बाप खाली पार्किंगमध्ये डुलकी काढतोय, असं त्या घराचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं.

'ओसरी'त येणाऱ्या माणसाचे उपाय संपलेले असतात. उरतं फक्त दुखणं. नातेवाईक 'आणखी काही करता येईल का' यात असे अडकलेले असतात की आत्ता, या घटकेला समोरच्याला काय होतंय हे बघायला कुणाला सवडच नसते. शैलाचं काम तिथून सुरू होतं. कूस बदलायची, पाठ चिघळू द्यायची नाही, ओल्या कापसाने ओठ पुसायचे, आणि सकाळी प्रत्येक कॉटपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायचा, 'दुखतंय का?'

काम जड नाही, माणसं जड असतात. अमेरिकेतला मुलगा फोनवरून इंग्रजीत रिपोर्टातले आकडे विचारतो. वडिलांनी आज दोन चमचे पेज घेतली हे सांगितलं तर म्हणतो, तो डेटा नको. दोन सुना व्हरांड्यात सासूच्या पाटल्यांवरून कुजबुजतात, आणि सासूला सगळं ऐकू येत असतं. आणि जो तो एकदा तरी शैलाला कोपऱ्यात घेऊन विचारतोच, 'सिस्टर, किती दिवस?' शैला म्हणते, 'मी नर्स आहे हो, पंचांग नाही.'

आणि बक्षीस म्हणाल तर एक आहे. वेदनेने दिवसचे दिवस डोळ्याला डोळा न लागलेला माणूस औषध लागू पडून घोरायला लागतो. ते घोरणं ऐकायला शैला दारात घटकाभर उभी राहते. तेवढ्यासाठी तिने मोठ्या हॉस्पिटलची नोकरी सोडली होती, आणि ते तिच्या घरात अजूनही फारसं कुणाला पटलेलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास 'ओसरी'त दिगंबर मोघे आले. सदाशिव पेठेतल्या शुभदा मंगल कार्यालयाचे जन्मभराचे व्यवस्थापक. बंद गळ्याचा काळा कोट घालून दारात उभा राहणारा हा बारीक माणूस निम्म्या पुण्याने आपापल्या लग्नात पाहिलेला. कार्यालयातल्या पाट्या त्यांच्याच. 'चपला स्वतःच्या घालून जाव्यात.' 'पानात टाकू नये. टाकायचे असल्यास घेऊ नये.' नवरदेवाच्या मामालासुद्धा त्यांनी दुसरी जिलबी पहिली संपल्याशिवाय वाढू दिली नव्हती म्हणतात.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. पोटातून पाठीत कळ घुसते, ते दुखणं. पण मोघेकाका आल्या दिवशी उशीला टेकून सगळीकडे नजर फिरवून म्हणाले, 'सिस्टरबाई, व्यवस्था उत्तम आहे तुमची. पाहुणे फार दिवस मुक्काम करत नाहीत, एवढंच.'

शैला खळखळून हसली. काकांच्या आसपास असं हसणारं बऱ्याच दिवसांत कुणी नव्हतं, म्हणून तेही खूश झाले. तेव्हापासून त्यांचं जमलं.

मोघ्यांना एकच मुलगी, नम्रता. तीही हिंजवडीला, सॉफ्टवेअरमध्ये. तिथल्याच आनंदशी तिचं जमलं होतं आणि वैशाखात साखरपुडा झाला होता. लग्न पाहावं करून म्हणतात ते खरंच आहे. इथे तर लग्न आणि आजार एका मांडवाखाली आले. काकांचं दुखणं निघालं आषाढात, म्हणजे नेमकं चातुर्मासाच्या तोंडावर. आता तुळशीचं लग्न लागल्याशिवाय मुहूर्त नाही. नम्रता म्हणाली, 'बाबा, रजिस्टर करू या ना. एका दिवसात होईल.' काका तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिने पंगतीला कागदी पत्रावळ आणली. 'अख्ख्या गावाची लग्नं मी लावायची आणि माझ्या मुलीने कचेरीत जाऊन अंगठा उठवायचा? छान!'

तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला चांगला मुहूर्त धरला. आणि मग आनंदचे आजोबा आप्पासाहेब भेटायला आले. अत्यंत कर्मठ माणूस. खुर्चीवर काठी उभी धरून बसले, पाणी नको म्हणाले, आणि आजारी माणसाच्या तोंडावर सांगून मोकळे झाले, 'मोघे, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मध्ये सुतक आलं तर आमच्याकडे चालायचं नाही. कार्य पुढे जाईल. वर्षभर तरी. आणि मुलाला कंपनी जानेवारीत परदेशी पाठवतेय, तेव्हा पुढचं काही सांगता येत नाही.'

काका शांतपणे म्हणाले, 'आप्पासाहेब, मी आयुष्यात कुणाचा मुहूर्त चुकू दिलेला नाही. स्वतःच्या मुलीचा चुकवेन का?'

आप्पासाहेब गेले. काठीचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला, तसं काकांनी डोळे मिटले. शैला तिथेच सलाईनशी होती. तिला वाटलं, या म्हाताऱ्याला कुणीतरी दोन शब्द सुनवायला हवे होते. पण काकांची काळजी आता तिला पुरती कळली: या माणसाला मुहूर्तापर्यंत जगायचं होतं. बाकी कशाचंही त्याला सोयरसुतक नव्हतं.

रोज सकाळी ती विचारायची, 'दुखतंय का?' काका म्हणायचे, 'छे!' डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. द्वारकाकाकू, म्हणजे त्यांची बायको, स्वतःच्या हाताने त्या देत असत. चेहऱ्यावर काकांच्या कसलीच रेघ नसे. पण अंथरूण बदलताना शैलाने चादर उचलली आणि बघते तर काय, दोन्ही पायांची बोटं आत वळवून घट्ट आवळलेली. तोंडाने विनोद चाललेत आणि पाय दातओठ खातायत.

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर चुकवली आणि उशाशी असलेला पानाचा डबा मांडीवर ओढून घेतला. आता ज्या माणसाला पेज पचत नाही त्याच्या उशाशी पानाचा डबा कशाला? शैलाने हात पुढे केला. काकू रडायलाच लागल्या. डब्यात लवंगांच्या खणात सगळ्या गोळ्या तशाच्या तशा होत्या.

शैलाचं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की तिची भाषा पुण्याहून थेट वर्ध्याला पोचते. 'काऊन जी काका? काऊन करता असं? कोणाले दाखवता ही हिंमत?'

काका कधी नव्हे ते ओशाळले. 'ती गोळी म्हणजे मागचा भात आहे, सिस्टरबाई. ती वाढली की पंगत उठते. आमच्या आचाऱ्याच्या भावाला सुरू केली आणि आठवड्यात आटोपला. मला इतक्यात उठायचं नाहीये.'

'मी पण देवाची शपथ घेऊन बसले होते,' काकू म्हणाल्या. 'हे म्हणाले, नम्रताच्या लग्नापर्यंत देऊ नकोस. हे तळमळत होते आणि मी बघत होते हो. मी या हातांनी डब्यात टाकत होते.'

शैला कॉटवरच बसली. राग केव्हाच उतरला होता. किती वेडं प्रेम असतं माणसांचं! 'काका, माझं ऐका. आचाऱ्याच्या भावाला गोळी फार उशिरा दिली असणार, जायच्या वेळी. म्हणून गोळीचं नाव झालं. गोळी माणसाला नेत नाही. हे दुखणं तुम्हाला कुरतडतंय. झोप नाही, पोटात घास नाही, सगळी ताकद कळ सोसण्यात जाते. अशाने तुळशीचं लग्नसुद्धा गाठणार नाही तुम्ही. मुहूर्त गाठायचाय ना? मग घ्या गोळी आणि झोपा.'

काका छताकडे बघत म्हणाले, 'आचाऱ्याचं ऐकून मी उभ्या जन्मात कधी मिठाचं प्रमाण ठरवलं नाही, आणि इथे मात्र त्याचं ऐकलं. आणा.'

दुसऱ्या दिवशी शैला ड्यूटीवर आली तर व्हरांड्यापर्यंत घोरणं ऐकू येत होतं. काकू दाराबाहेर स्टुलावर बसून ते ऐकत होत्या, एखादीने गाणं ऐकावं तशा. काका उठले आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर चहाला नावं ठेवली.

नम्रताला हे सगळं दुपारी कळलं. ऑफिसातून तशीच स्कूटीवर आली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड लोंबतंय, डोळे लाल. 'शैलाताई, दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं. माझ्या लग्नासाठी! मला किती गिल्टी वाटतंय माहितेय? पुन्हा असं नको. काहीही झालं, कधीही झालं, तरी पहिला फोन मला करायचा. लग्न असो नाहीतर काही असो. प्रॉमिस?'

'प्रॉमिस,' शैला म्हणाली. आणि मग, का कुणास ठाऊक, तिने कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या पोरीला सांगितली. तिचे वडील गेले तेव्हा गावाहून फोन आला होता, 'बाबांना जरा बरं नाही, ये.' तिने त्यांच्यासाठी स्वेटर घेतला, चांगला जाड, कारण सेलूला थंडी पडली असणार. रात्रभर गाडीत ती पिशवी मांडीवर धरून बसली. शेजारी बुद्धभूषणला माहीत होतं. उतरवून घ्यायला आलेल्या भावाला माहीत होतं. एक तिला तेवढं माहीत नव्हतं. ती स्वेटरची पिशवी हातात घेऊन हसत दारात गेली, आणि दारासमोर तिरडी बांधत होते.

'ते गेले याचं दुःख झालंच,' शैला म्हणाली, 'पण सगळ्या जगाला माहीत असताना मी पिशवी घेऊन हसत आले ना, त्याचा राग अजून जात नाही. म्हणून मी कुणापासून लपवत नाही. तुझ्यापासूनही लपवणार नाही.'

नम्रताने शैलाचा हात घट्ट दाबला.

तुळशीचं लग्न लागलं. 'ओसरी'च्या अंगणातही कुणीतरी चार ऊस उभे केले. मुहूर्त आठवड्यावर आला आणि काका झपाट्याने उतरायला लागले. हे होणारच होतं. दुखत नव्हतं, पण दिव्यातलं तेल संपत आलं होतं. कार्यालयात उभं राहणं सोडाच, आता त्यांना बसवतही नव्हतं. कन्यादान मामा-मामी करणार असं ठरलं. तेव्हा एका सकाळी त्यांनी शैलाला जवळ बोलावलं.

'सिस्टरबाई, जरा कामाचं बोलायचंय. मी त्या दिवसापर्यंत पोचेन. पण त्या दिवशी सकाळीच माझी पंगत उठली, तर?'

शैलाने नेहमीसारखं 'असं बोलू नये' म्हटलं नाही. ती ऐकत राहिली.

'सुतक माणूस गेल्याने लागत नाही. कानावर पडल्याने लागतं. कळलं नाही तोवर कार्य शुद्ध असतं, आप्पासाहेबही याला नाही म्हणू शकायचे नाहीत. अहो, माझ्या कारकिर्दीत असल्या बातम्या मी भटारखान्यात अडवून धरल्यात! निरोप्याला आधी पाटावर बसवायचं, जिलबी वाढायची. जिलबी संपेपर्यंत तिकडे अक्षता पडलेल्या असतात. मग सांगा म्हणावं काय सांगायचं ते.' त्यांना दम लागला. 'तेवढंच करा माझं. अक्षता पडेपर्यंत फोन करू नका.'

'मी खोटं बोलत नाही, काका.'

'खोटं बोला कुठे म्हणतोय? गप्प बसा म्हणतोय.' आणि व्यवस्थापकाच्या जुन्या सवयीने त्यांनीच निकाल दिला, 'चला, ठरलं.'

शैला हो म्हणाली नव्हती, पण नाही तरी कुठे म्हणाली? घरी गेली ती तोंड पाडून. सोनालीने पोळी मोडता मोडता सांगून टाकलं, 'मम्मी, सिम्पल आहे. रूल आहे ना तुमच्याकडे, फॅमिलीला लगेच कळवायचं? मग रूल फॉलो कर.' बुद्धभूषण म्हणाला, 'आपल्यात सुतक नाही, पातक नाही. तू कशाला डोकं पिकवतेस?'

'आपल्यात नाही, पण त्यांच्यात आहे ना,' शैला म्हणाली. 'मुलगी म्हणते पहिला फोन मला कर. बाप म्हणतो करूच नको. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी.'

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नम्रता मेंदीचे हात घेऊन आली. काकांनी तळवे जवळ घेऊन बारकाईने बघितले आणि म्हणाले, 'रंगली आहे. आनंदचं प्रेम आहे म्हणजे. निदान तसं समजायची पद्धत आहे.' ती हसली आणि हसता हसता रडली. मेंदीचा ओला रंग चादरीला लागला. ती चादर शैलाने मुद्दाम बदलली नाही.

सकाळी द्वारकाकाकू पैठणी नेसून, कार्यालयात जाता जाता आल्या. जायला पाऊल उचलत नव्हतं त्यांचं. काकांचा आवाज आता कुजबुजण्याइतका उरला होता. 'जा. पंगतीकडे लक्ष दे. मसालेभात आधी संपतो, दुप्पट टाकायला सांग. आणि सिस्टरबाईंचं पान वाढून आण.' काकूंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि मागे न बघता गेल्या.

काकांनी शैलाला दाढी करायला लावली. काळा कोट कपाटातून काढून पायाशी ठेवायला सांगितला. थोड्या वेळाने म्हणाले, 'सनई लागली असेल आता.'

'दुखतंय का, काका?'

'नाही.'

तिने चादर उचलून पायांची बोटं पाहिली. सैल होती, लहान मुलाची असतात तशी. ती त्यांचा हात हातात घेऊन बसली. श्वास लांबत गेला, मध्ये थांबायला लागला, पुन्हा यायचा. मग एकदा गेला तो आलाच नाही. डॉक्टर येऊन बघून गेले. मुहूर्ताला अजून तासाभराहून जास्त अवकाश होता.

शैलाने त्यांचे डोळे मिटले आणि टेबलावरच्या फोनपाशी जाऊन उभी राहिली. केला तर काकांनी एवढे दिवस ज्यासाठी श्वास ओढला ते एका वाक्यात मोडणार होतं. नाही केला तर ती पोरगी फुलं माळून, हसत, पेढे घेऊन या दारात येणार, आणि शैलाला माहीत होतं त्या हसण्याचं पुढे काय होतं. काकांचा राग आला तिला. मरणाऱ्या माणसाने असं कुणाला अडकवावं का? मग त्यांच्या दाढी केलेल्या गालाकडे नजर गेली आणि डोळे भरून आले. नाही, दिलेला शब्द एकच होता. दुसरा नुसता तिच्या गळ्यात पडला होता. तिने नंबर फिरवला.

'शैलाताई?' मागे सनई, बायकांचा गलका, बांगड्यांचा आवाज.

वाक्य तयार होतं तिचं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, 'नम्रता...'

पलीकडे कुणीतरी 'अगं, मुंडावळ्या बांधू दे गं, फोन ठेव' म्हणत होतं. नम्रता बोलेना. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, अगदी हळू.

'बाबांना आता दुखत नाहीये ना?'

'नाही,' शैला म्हणाली. 'अजिबात नाही.'

'तुम्ही जवळ आहात ना त्यांच्या?'

'हो. इथेच आहे.'

'मग बसा त्यांच्यापाशी. अक्षता पडल्या की येते मी. आणि आईला फोन करू नका. आईला मी सांगेन.'

फोन ठेवला गेला. शैलाच्या लक्षात आलं की तिला पुढे काही सांगावंच लागलं नाही. पोरीला कळलं होतं की नाही, हे विचारायची हिंमत तिच्यात नव्हती. तिने पाणी गरम केलं. काकांचं अंग पुसलं, केस विंचरले, आणि तो बंद गळ्याचा कोट त्यांना घातला, सगळी बटणं लावून. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा ती खिडकीशी उभी होती. तिचा कशावर विश्वास नाही, तरी तिने तेवढ्यापुरते हात जोडले.

दुपारी गाडी आली. पुढे नम्रता, शालू, मुंडावळ्या, केसांत अडकलेल्या अक्षता. मागे आनंद. आणि त्याच्या मागे द्वारकाकाकू, हातात स्टीलचा डबा. तो डबा बघून शैला धावतच पायऱ्या उतरली, काकूंना दारात गाठायला, काहीतरी बोलायला. नम्रताने तिला अडवलं.

'आईला गाडीत सांगितलं मी,' ती म्हणाली. 'तुमच्यासारखं तिने पिशवी घेऊन दारात यायला नको.'

काकू शैलाजवळून आत गेल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि डबा छातीशी धरलेला होता. आप्पासाहेब गाडीतून उतरले नाहीत. मागच्या सीटवर डोळे मिटून बसून राहिले. त्याच गाडीत बसूनही त्यांच्या कानावर अजून काही पडलं नव्हतं म्हणे.

'तुमचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं मला,' नम्रता म्हणाली. 'मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. आणि मग बाबांचं एवढं सगळं सोसलेलं फुकट गेलं असतं.' तिने तोंडावरच्या मुंडावळ्या मागे सारल्या. 'अंतरपाटाआड उभी होते ना, शैलाताई, मंगलाष्टकं ऐकूच येत नव्हती मला. एकसारखं वाटत होतं, ते दारात कोट घालून उभे आहेत आणि भटजींना म्हणतायत, आवरा लवकर, पुढची पंगत खोळंबलीय.'

'रागावलीस का माझ्यावर?' शैलाने विचारलं.

'कशाला? पहिला फोन मलाच केलात ना?'

आणि मग मात्र ती शैलाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. शालूची जर शैलाच्या गालाला टोचत होती. मग तिने डोळे पुसले, आनंदचा हात धरला, आणि दोघं आत जाऊन काळ्या कोटातल्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार करून आली. केसांतल्या चार अक्षता त्या पायांवर पडल्या. कुणी त्या झटकल्या नाहीत.

सगळं आवरून, काकांना घेऊन जायची वेळ झाली, तेव्हा द्वारकाकाकूंनी तो डबा शैलाच्या हातात दिला. 'तुमचं पान. ह्यांनी सांगितलं होतं.' मग त्या जरा थांबल्या. 'मसालेभात पुरला. शेवटच्या पंगतीपर्यंत पुरला.'

गाडी गेली. शैला नर्सेसच्या खोलीत जाऊन बसली, डबा उघडला. मसालेभात, अळूची भाजी, वर दाबून बसवलेली जिलबी. भात गार झाला होता. डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत तिने तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, कारण पानात टाकलेलं काकांना खपत नसे. मग डबा घासून ठेवला, हात धुतले आणि पुढच्या खोलीत गेली. तिथे सकाळीच एक नवीन बाई आल्या होत्या, मार्केट यार्डात कांदे निवडणाऱ्या विमलाबाई. शैलाने स्टूल जवळ ओढलं, आधी हळूच चादरीखालून त्यांची पावलं चाचपली, आणि विचारलं, 'दुखतंय का?'